एकशे आठवा चौकोन

लोक मला शांत म्हणतात. सोसायटीतल्या बायका आपल्या सुनांना माझं उदाहरण देतात, आणि त्या सुना पाठीमागे मला काय म्हणत असतील ते मला ठाऊक आहे. माझी स्वतःची सून एकदा ऑफिसातल्या मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "आमच्या आई एकदम कूल आहेत, कधी चिडतच नाहीत." मी आत दोडक्याच्या शिरा काढत होते. मनात म्हटलं, बाई गं, तुझ्या या कूल सासूनं एका पांगळ्या बाईला शेवटचा चहा मिळू दिला नाही. चहा दिला असता तर ती जगली असती असं नाही. पण मी तो अडवून धरला होता आणि अडवताना मला बरं वाटत होतं. गेली कित्येक वर्षं रोज सकाळी मी नाम लिहायला बसते ती हे बरं वाटणं सोबत घेऊनच. त्याची माफी मला मिळाली की नाही, हा माझ्या आयुष्यातला एकच खरा प्रश्न आहे. बाकीचे सगळे प्रश्न इतरांनी सोडवले किंवा आपोआप सुटले.

ती बाई म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या आणि मुलींच्या शाळेत ती मराठी शिकवायची. तिनं लग्न केलं नव्हतं. "करणार कुणाशी? जो येतो तो अशुद्ध बोलतो," असं ती सांगायची आणि ती विनोद करते आहे की काय, हे समोरच्याला कधी कळायचं नाही. माझे वडील नोकरीसाठी यवतमाळकडे गेले आणि तिथलीच मुलगी करून राहिले, हे तिनं त्यांना कधी माफ केलं नाही. मी अकरा वर्षांची असताना माझी आई काविळीनं गेली. वर्षाच्या आत वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मला एका पत्र्याच्या ट्रंकेसकट आत्याच्या दारात आणून सोडलं. "शिकेल तरी," ते म्हणाले. चहा घेऊन ते निघाले तेव्हा मी खिडकीतून त्यांच्या टोपीकडे बघत होते. कोपऱ्यावर वळताना त्यांनी मागे पाहिलं नाही. आता त्यांचा चेहरा मला फोटोत बघावा लागतो, टोपी मात्र आठवते.

त्या दिवशी दुपारी मी आत्याला म्हटलं, "आत्या, मले भूक लागली."

आत्यानं चष्मा नाकावर खाली घेतला. "'मले' कोण? या घरात 'मला' राहते. 'मले'ला मी ओळखत नाही. आणि आत्याला 'अहो' म्हणतात. आई गेली ती एवढंही न शिकवता गेली का?"

मग तिनं कपाटातून एक वही काढली. बुधवारातल्या दुकानात नाम लिहिण्याच्या अशा वह्या मिळत, अजूनही मिळतात. पानावर बारीक निळ्या रेघांचे चौकोन, ओळीत नऊ, अशा बारा ओळी. एका पानावर एकशे आठ चौकोन आणि प्रत्येक चौकोनात एकदा 'श्रीराम' लिहायचं. आत्या स्वतः रोज पहाटे अंघोळ करून उतरत्या डेस्कासमोर बसायची आणि तीन पानं लिहायची, तेवढा वेळ एक शब्द बोलायची नाही. "एक पान लिही," ती म्हणाली, "म्हणजे जीभही शुद्ध होईल आणि मनही. मग वाढते." पहिलं पान लिहायला मला सव्वा तास लागला. भात गार झाला होता आणि त्यावरच्या तुपाची कवडी झाली होती. मी तो भात रडत खाल्ला. रडताना तोंडातून पुन्हा "आई वो" गेलं आणि संध्याकाळसाठी दुसरं पान ठरलं.

तिथून पुढे मी किती पानं लिहिली असतील! 'मले' म्हटलं की एक पान. 'कायले' म्हटलं की एक पान. दार आपटलं, दूध उतू गेलं, शाळेतून यायला उशीर झाला, आईची आठवण काढून मुसमुसले की एक पान. पान पुरं झाल्याशिवाय जेवण नाही. आत्यानं मला कधी हात लावला नाही, हे मला सांगितलं पाहिजे. आवाजही चढवला नाही. त्या घरात आवाज होते ते स्टोव्हचे, खालच्या गल्लीतल्या दूधवाल्याच्या किटल्यांचे, शेजारच्या रेडिओवरच्या बातम्यांचे आणि माझ्या टाकाच्या करकरीचे. मला कधीकधी वाटायचं, हिनं एकदा थोबाडीत मारावी म्हणजे सुटेन. आई मारायची आणि नंतर ठेच्याबरोबर भाकरी भरवायची. आत्याच्या स्वयंपाकात ठेचा नव्हता. आमटीत गूळ, भाजीत साखर, कोशिंबिरीतही साखर. तिखट खाल्ल्यानं वाणी बिघडते, असं तिचं म्हणणं होतं. गोडानं काय होतं ते मी तिच्याकडे बघून शिकत होते.

खालच्या मजल्यावरच्या गोडबोलेकाकू कधी वाटीभर साखर मागायला वर यायच्या आणि मला डेस्काशी वाकलेली पाहून म्हणायच्या, "काय संस्कार आहेत हो पोरीवर! आमची कार्टी बघा, नुसती उंडारतात." आत्या म्हणायची, "संस्कार नंतर. अजून गवत काढते आहे." मी मान वर न करता लिहीत राहायचे. गवत म्हणजे माझी आई, हे मला न सांगता कळत होतं.

चौदाव्या वर्षी मला एक वाट सापडली. आत्या माझं पान रोज लांबूनच बघायची. चौकोन भरलेले दिसले की मान हलवायची. वही संपली की ती घेऊन ट्रंकेत ठेवायची आणि नवी द्यायची. ती वाचत नाही, असा मी अंदाज बांधला. मग एके दिवशी, पाचव्या की सहाव्या ओळीत, 'श्रीराम'च्या जागी मी बारीक अक्षरात लिहिलं, 'मरून जाय.' आईच्या बोलीत लिहिलं. आत्याला शुद्ध मराठीत शाप देण्याएवढी मी तिची झाले नव्हते. पान दाखवलं. तिनं मान हलवली. त्या दिवशी मी जेवले ते पोटभर आणि चवीनं. त्यानंतर प्रत्येक पानावर एक चौकोन माझा असे. रोज जागा बदलायची. एकशे सात वेळा देवाचं नाव आणि एकदा माझं मागणं. मला त्या पानांची ओढच लागली म्हणा ना. पहाटे आत्याच्या शेजारी बसून लिहिताना मी इतकी एकाग्र झालेली असायचे की आत्या एकदा म्हणाली, "लागलं वाटतं मन." मन लागलं होतंच.

अशा अकरा वह्या झाल्या. मी मॅट्रिक झाले, कॉलेजात जाऊ लागले. 'मले' केव्हाच संपलं होतं. मी आत्यापेक्षाही शुद्ध बोलायला लागले होते आणि माझ्या बोलण्याला तिच्यासारखीच धार आली होती. शिक्षा आता फार होत नसत, तरी रोजचं एक पान मी चुकवत नव्हते. त्या सुमारास नदीपलीकडच्या एका जुन्या राममंदिराचं काम निघालं. लोकांनी लिहिलेल्या नामाच्या वह्या नव्या चौथऱ्याखाली ठेवायच्या होत्या. तशी पद्धतच आहे. देव त्या नामावर उभा राहतो, असं म्हणतात. आत्यानं लाल कापडात वह्यांचं मोठं गाठोडं बांधलं. "माझ्याही देताय?" मी विचारलं. "का? तुझं नाव छापून येणार होतं का त्यावर?" ती म्हणाली आणि टांगा सांगायला मला खाली पाठवलं. त्या गाठोड्यावर हात ठेवून मी टांग्यात तिच्याशेजारी बसले. देवाच्या पायाखाली माझे शाप जाऊन बसणार होते आणि मी गप्प होते.

चार महिन्यांनी एका सकाळी आत्या न्हाणीत पडली. मी दार ढकललं तेव्हा ती बंबाला टेकून बसली होती, तोंड वाकडं झालेलं, उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडलेला. दवाखान्यात पंधरा दिवस काढले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. रा, रा, एवढंच काहीतरी उमटायचं. मला भीती वाटली. देवानं अकरा वह्यांचं मागणं एकदम मंजूर केलं, असं मला खरोखर वाटत होतं. भीती वाटली आणि आनंदही झाला. आनंद जास्त झाला. इतक्या वर्षांनी तो कमी करून सांगण्यात काही अर्थ नाही.

वडील दोन दिवस येऊन गेले. "तूच आहेस आता तिला," ते म्हणाले, म्हणजे माझं कॉलेज बंद झालं. मी अठरा वर्षांची होते. वर्गातल्या मुली संध्याकाळी खिडकीखालून हसत जायच्या आणि मी आत्याचं भांडं उचलून न्यायचे. पहिल्याच आठवड्यात मी तिला 'तू' म्हणायला लागले. तिनं डोळे मोठे केले. मी म्हटलं, "काय? नीट बोल. मला अशुद्ध कळत नाही." तिनं पुन्हा काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. मी कानाशी हात नेला आणि वाकून, हसून म्हटलं, "काय म्हणालीस? 'मले'?"

डॉक्टरांनी तिच्या डाव्या हाताला काम द्यायला सांगितलं होतं. मला तेवढं पुरलं. मी बुधवारातून नवी वही आणली, तिच्या पाठीशी लोड दिला, मांडीवर पोळपाट ठेवला, त्यावर वही. "आत्या, अंथरूण ओलं केलंस. एक पान," मी म्हटलं. सांडलंस, एक पान. रडलीस, एक पान. पान झाल्याशिवाय खायला नाही. डाव्या हातानं तिचा 'श्री' वेलांटीसकट चौकोनाबाहेर लोळायचा. एका ओळीला अर्धा तास लागायचा, लाळ वहीवर पडायची. मी तिचीच लाल पेन्सिल घेऊन बसायचे आणि वाकड्या अक्षरावर फुल्या मारायचे. फुली पडलेलं नाम मोजायचं नाही, पुन्हा लिहायचं. गोडबोलेकाकू वर येऊन डोळ्यांना पदर लावायच्या. "सेवा तरी किती करते हो पोर! नामसुद्धा लिहून घेते." मी मान खाली घालायचे. आत्या माझ्याकडे बघायची. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती बघायची आणि पुन्हा लिहायला लागायची. मी रोज तिची वही चौकोन न् चौकोन तपासत होते. मला खात्री होती की एखाद्या चौकोनात तीही मला मरून जा म्हणेल. तशी ती म्हणाली असती तर आमचं फिटलं असतं. दोन वर्षं मी वाट पाहिली. तिनं 'श्रीराम'शिवाय काही लिहिलं नाही.

शेवटच्या दिवशी तिनं सकाळी कूस बदलताना पाण्याचा तांब्या पाडला. मी वही दिली. तिचा हात नेहमीपेक्षा जड चालत होता. स्टोव्हवर चहा उकळत होता, आलं किसून घातलेला, वास सगळ्या घरात होता. ती चहाच्या दिशेनं बघून रा, रा करू लागली. मी माझा कप भरला आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "पान झालं की," मी म्हटलं. "घाई नाही. स्टोव्ह आहे, परत गरम करता येतो." मी सावकाश प्यायले. तिनं खाली बघून पुढचा चौकोन घेतला. मी कप विसळायला गेले, धुणं वाळत घातलं, परत आले तेव्हा टाक अंथरुणावर पडला होता आणि तिची मान लोडावरून कलली होती. पानावर एकसष्ट नावं होती. एकसष्टाव्याचा 'म' अर्धा होता. पातेल्यातला तिच्या वाटणीचा चहा अजून कोमट होता. मी तो मोरीत ओतला.

काकू आणि इतर बायका येईपर्यंत तिला नेसवायला धडकं लुगडं शोधायचं म्हणून मी तिची ट्रंक उघडली. लुगड्यांच्या खाली जुन्या पंच्यात बांधलेलं काहीतरी होतं. सोडलं तर माझ्या वह्या. सगळ्या अकरा. मंदिराला तिनं फक्त स्वतःच्या वह्या दिल्या होत्या. मी फरशीवर बसून पहिली उघडली. सुरुवातीची पानं कोरडी होती. मग ते पान आलं. 'मरून जाय'च्या चौकोनाभोवती लाल पेन्सिलीनं बारीक गोल काढलेला होता. पानाच्या तळाशी तिच्या सुबक अक्षरात आकडा होता, १०७. आणि त्याच्यापुढे, लाल पेन्सिलीनंच, एकदा 'श्रीराम'. पुढचं पान, तसंच. त्याच्या पुढचं, तसंच. अकरा वह्यांत मी जिथे जिथे तिचं मरण मागितलं होतं तिथे तिथे तिनं ते वाचलं होतं, एक वजा केलं होतं आणि उरलेलं एक नाव माझ्या वतीनं स्वतः लिहून पान पुरं केलं होतं.

'मले' म्हटलं की एक पान देणाऱ्या बाईनं 'मरून जाय'ला एका अक्षराचीही शिक्षा दिली नव्हती. ती माझ्याशी वाईट वागली, हे मी अजूनही म्हणते, तिची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. बारा वर्षांच्या आईवेगळ्या मुलीला उपाशी ठेवून देवाचं नाव लिहायला लावणं हे क्रूरच होतं. पण तिच्या लाल पेन्सिलीनं माझं अपुरं पुरं करून ठेवलं होतं आणि तीच पेन्सिल हातात घेऊन मी दोन वर्षं तिच्या पुऱ्या नावांवर फुल्या मारत होते. हे सगळं तिला माहीत असताना ती माझ्यासमोर लिहीत होती. आपल्याला मरून जा म्हणणाऱ्या मुलीच्या हातचं ती रोज खात होती. मी तिथे फरशीवर बसून मोठ्यानं ओरडले. जिन्यावरून काकू धावत आल्या. "जीव होता हो पोरीचा आत्यावर," असं त्या नंतर सगळ्यांना सांगत होत्या.

दहा दिवस झाल्यावर ती अर्धी वही मी पोळपाटावर घेतली. सत्तेचाळीस चौकोन उरले होते. उजव्या हातानं लिहायची मला लाज वाटली. मी डाव्या हातात टाक घेतला आणि पहिला 'श्री' काढला, तो चौकोनाबाहेर गेला. तेव्हा मला तिच्या हाताचं वजन कळलं. सत्तेचाळीस नावांना संध्याकाळ झाली. त्यातली शेवटची काही लिहिताना डोक्यातलं बोलणं थांबलं, तिचंही आणि माझंही. कुणाला दोष देणं नाही, उत्तर देणं नाही. ती शांतता दोन-चार मिनिटं टिकली असेल. त्या शांततेसाठी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, आणि मग बसतच राहिले. लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला, पेठ सुटली. नवऱ्याला यातलं काहीच सांगितलं नाही. चांगला माणूस होता, त्यानं मला लगेच माफ केलं असतं आणि त्याच्या माफीचं मी काय करणार होते?

आता सकाळी सहाला बाल्कनीच्या दारापाशी बसते. डाव्या हातानं एक पान. अक्षर अजून वाकडंच येतं. शेजारी कुणाची तरी मिक्सरची घरघर चालू असते, खाली कंपन्यांच्या गाड्या हॉर्न वाजवतात. पान शेवटाला येतं आणि मी थांबते. परवा सून चहा घेऊन आली. माझ्यासाठी भरपूर आलं घातलं होतं. तिनं वाकून वहीकडे पाहिलं.

"आई, शेवटचा बॉक्स राहिलाय तुमचा."

"राहू दे."

"अहो, एकच तर आहे. चहा गार होतोय, मी लिहू का?"

"नको," मी म्हटलं. "तो आत्यांचा आहे. त्या लिहितील."

मी वही तशीच उघडी ठेवली, कप उचलला आणि चहा पूर्ण गार होईपर्यंत हातात धरून बसले.